आपली हृदयगती

काटेसाहेबांचं आडनाव काटे नव्हतं. सगळी नोकरी त्यांनी वजनमापं तपासण्यात घालवली होती. दुकानात शिरले की आधी काट्याकडे बघायचे आणि मग दुकानदाराकडे, म्हणून बाजाराने त्यांना हे नाव ठेवलं आणि निवृत्तीनंतरही ते अंगाला चिकटून राहिलं. आजही भाजीवाली त्यांना बघून पारड्यात दोन मिरच्या जास्त टाकते आणि ते त्या दोन मिरच्या उचलून परत ढिगावर ठेवतात. जास्त वजन हेही चुकीचंच वजन, असं त्यांचं म्हणणं. अशा माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे खायचं काम नव्हे, पण काकूंनी तो केला होता आणि वर हसत केला होता.

काकू म्हणजे त्यांची बायको. सगळी गल्ली त्यांना काकूच म्हणायची, कारण सगळ्या गल्लीच्या विजारी त्यांनीच आखूड करून दिल्या होत्या. पुढच्या खोलीत खिडकीखाली त्यांचं पायाने चालवायचं शिवणयंत्र होतं आणि संध्याकाळ झाली की त्याचा खडखडाट सुरू व्हायचा. काकूंना टेप लागायचा नाही. गिऱ्हाइकाकडे एकदा वरून खाली बघितलं की झालं. काटेसाहेबांना हे कधीच पटलं नाही, आणि विजारी मात्र कधी चुकल्या नाहीत.

मागच्या हिवाळ्यात काटेसाहेबांच्या छातीत कळ आली. इस्पितळ, धावपळ, एक स्टेंट, गोळ्यांचा डबा, सगळं रीतसर झालं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाल्या, "रोज चाला. पण बेताने." या एका शब्दाने घोटाळा केला. ज्या माणसाने उभ्या नोकरीत 'अंदाजे' हा शब्द सरकारी कागदावर येऊ दिला नाही, त्याला जाऊन 'बेताने' सांगायचं? बेत कशात मोजायचा? काटेसाहेब घराबाहेर पडेनात. गॅलरीतच या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचे आणि मध्येच थांबून छातीवर हात ठेवायचे. शेवटी दुसऱ्या गावी राहणारी लेक सुट्टी काढून आली आणि येताना छातीला बांधायचे दोन पट्टे घेऊन आली.

"एक तुमचा, एक आईचा," ती म्हणाली. "आई बरोबर चालली नाही तर तुम्ही फाटकापासून परत याल, मला ठाऊक आहे."

पट्टा साधाच होता, लवचीक कापडाचा. त्याच्यावर दोन चापबटणांनी एक काळी डबी बसायची. डबी हृदयाचे ठोके मोजायची आणि मोबाइलमधल्या अ‍ॅपला कळवायची. लेकीने दोघांच्या मोबाइलवर अ‍ॅप घातलं, एकेक डबी एकेका मोबाइलशी जोडून दिली आणि डॉक्टरांना विचारून वडिलांची मर्यादा ठरवली. आकडा त्या मर्यादेच्या वर गेला की अ‍ॅपमधली बाई मराठीत बोलायची, "आपली हृदयगती मर्यादेबाहेर आहे. कृपया वेग कमी करा."

"आपली म्हणजे कुणाची?" काकूंनी लगेच विचारलं. "तुमची, माझी, का दोघांची मिळून?"

"अगं, आदराने म्हणते ती. आपली म्हणजे माझी."

"मग तसं म्हणावं की. उगाच मला कशाला मध्ये घेते?" असं म्हणून काकूंनी आपल्या मोबाइलवरचा तो आवाज बंदच करून टाकला. चालताना कुणी शिकवलेलं त्यांना खपायचं नाही. पट्टा मात्र त्या बांधायच्या, लेकीने आणलाय म्हणून आणि नवऱ्याला सोबत म्हणून.

काटेसाहेबांना अदलाबदलीची धास्ती. त्यांनी काकूंच्या खणातून कापडावर खुणा करायची न पुसणारी शाई घेतली आणि आपल्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला एक गोल काढून त्यात दोन आडव्या रेघा मारल्या. तपासून झालेल्या वजनांवर ते असाच शिक्का मारायचे. "आता कुणाच्या बापाची चूक होणार नाही," ते म्हणाले आणि बऱ्याच दिवसांनी मनापासून हसले.

सुरुवात छान झाली. सकाळी मैदानाला फेऱ्या मारायच्या, काटेसाहेब पुढे, मोबाइल हातात, नजर आकड्यावर. काकू चार पावलं मागे, मोबाइल पिशवीत, नजर सगळ्या जगावर. घरी आल्यावरही आंघोळीपर्यंत पट्टा काढायचा नाही, असा काटेसाहेबांचा नियम होता, कारण आकडा खाली कसा उतरतो हेही बघायला हवं, असं पट्ट्याबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं. आकडा चढायचा, उतरायचा, सगळं शहाण्यासारखं चाललं होतं. घामाने पट्ट्यांना वास यायला लागला तेव्हा काकूंनी ते साबणाच्या पाण्यात बुचकळून काढले, दोरीवर वाळत टाकले आणि दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा निघाले.

आणि मग आकडा बिघडला.

एका सकाळी मैदानाच्या वळणावर काटेसाहेबांनी बघितलं तर एकशे बारा. पुढच्या क्षणी एकशे चाळीस, मग शहाण्णव, मग एकशे एक्कावन्न. तराजूवर उंदीर नाचावा तसा आकडा नाचत होता. अ‍ॅपमधली बाई आपल्या गोड आवाजात वेग कमी करायला सांगत होती. ते जागच्या जागी थांबले. थांबूनही आकडा नाचतच राहिला. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मैदानाच्या कठड्याला धरलं आणि छातीतल्या कळेची वाट बघत उभे राहिले.

काकू मागून आल्या आणि कठड्यावर टेकल्या. "बरं झालं थांबलात," त्या म्हणाल्या. "पाय भरून आलेत माझे."

"तू जरा भरभर चालत जा," काटेसाहेब म्हणाले. त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. काकूंनी पदराने तोंड पुसलं.

कळ आली नाही. काटेसाहेबांनी हळूच मनगटावर बोटं ठेवली. बोटांखाली ठोका लागला, सावकाश आणि सारखा, जेवून झोपलेल्या माणसासारखा. मोबाइलवर एकशे सदतीस होते. दोन्हीतलं खरं कोणतं? एवढी वर्षं दुकानदार त्यांना सांगत आले होते, साहेब, हाताला कळतं हो, आणि ते सांगत आले होते की हाताचा अंदाज चालत नाही, यंत्र काय म्हणतं ते बोला. आता स्वतःच्या वेळी तत्त्व कसं सोडणार? त्यांनी मनगट सोडून दिलं. बोटं बधिर झाली असणार, म्हातारपणी होतात.

त्या दिवसापासून त्यांचा जीव टांगणीला लागला. काकूंना सांगायचं नाही हे त्यांनी ठरवून टाकलं. उगाच ती घाबरेल, लेकीला फोन करेल, लेक धावत येईल, डॉक्टर छाती फाडायला सांगतील. महिन्याच्या शेवटी डॉक्टरांकडे ट्रेडमिलवरची तपासणी होतीच. तोवर रेटायचं. रेटायचं म्हणजे काय, तर दर दोन मिनिटांनी मोबाइल बघायचा आणि प्रत्येक वेळी घाबरायचं. माणूस हौसेने कुत्रं पाळतो तशी त्यांनी भीती पाळली. ती त्यांच्याबरोबर जेवायची आणि त्यांच्याबरोबरच झोपायची.

काही केल्या आकडा ऐकेना. मीठ सोडलं, चहा सोडला, चालणं अर्ध्यावर आणलं. एकदा फिरून आल्यावर ते खुर्चीत अगदी दगडासारखे बसून होते. बाहेर काकूंनी घाईची एक विजार घेतली आणि यंत्र सुरू केलं. खडखडाट सुरू झाला आणि आकडा एकशे तीसवर गेला. काटेसाहेब चरकले. बसल्या जागी, काहीही न करता, एकशे तीस!

"अगं, ते यंत्र थांबव जरा," ते ओरडले.

यंत्र थांबलं. हळूहळू आकडाही उतरला. पुन्हा यंत्र सुरू झालं, पुन्हा आकडा चढला. काटेसाहेबांनी हा प्रयोग तीनदा करून बघितला, कारण एका नोंदीवर ते कधीच विश्वास ठेवत नसत, आणि मग निष्कर्ष काढला की यंत्राच्या आवाजाने आपलं काळीज धडधडतं. "मला तो आवाज सहन होत नाही," त्यांनी बाहेर येऊन सांगितलं. "सकाळी शिवत जाऊ नकोस."

काकू यंत्रावर कोपर टेकून बसल्या होत्या. त्यांचं तोंड ओढल्यासारखं दिसत होतं. "बरं," त्या म्हणाल्या, "मलाही हल्ली पायडल मारवत नाही." एरवी कामाला नाही म्हटलं की काकू दिवसभर टोमणे मारायच्या. त्या दिवशी त्यांनी एकही टोमणा मारला नाही, आणि हेही काटेसाहेबांच्या ध्यानात आलं नाही. स्वतःच्या काळजाकडे टक लावून बसलेल्या माणसाला घरातलं दुसरं काही दिसत नाही. हे मी त्यांना दोष देण्यासाठी म्हणत नाही, पण म्हणतोच.

सगळ्यात वाईट प्रसंग बटणांचा. काकू कोपऱ्यावरच्या दुकानात बटणं आणायला गेल्या आणि इकडे काटेसाहेबांच्या मोबाइलवरचा आकडा एकदम नाहीसा झाला. तिथे दोन आडव्या रेघा आल्या आणि खाली अक्षरं आली, 'संपर्क तुटला'. काटेसाहेबांची पाचावर धारण बसली. ते खुर्चीचे हात धरून, डोळे मिटून बसून राहिले. आपण गेलो की काय, हेच त्यांना नक्की कळेना. मग जिन्यावर काकूंच्या चपला वाजल्या, त्या धापा टाकत आत आल्या, आणि मोबाइलवर आकडा परत उगवला, एकशे छप्पन.

"अहो, असे पांढरे का पडलात?" काकूंनी दाराशीच विचारलं.

"काही नाही. तू होतीस कुठे इतका वेळ?"

"बटणं आणायला गेले होते, लग्नाला नाही." मग त्या आपला मोबाइल पिशवीतून काढून डोळ्यांपासून लांब धरत म्हणाल्या, "हे बघा, कधी नव्हे ते मी बघितलं. माझा किती? बहात्तर. जिना चढून आले तरी बहात्तर. लेकीला कळवा, म्हणावं आईचं काळीज अजून ठणठणीत आहे."

काटेसाहेबांनी तो आकडा बघितला आणि त्यांच्या मनात काय आलं ते सांगायलाच हवं. त्यांना हेवा वाटला. आपण गेल्यावर ही अजून खूप वर्षं राहील, असंही वाटलं, आणि त्या विचाराने थोडं बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकूंना बोलावून पाण्याचा मुख्य नळ कुठे बंद करायचा, फ्यूज कसा बदलायचा आणि गॅलरीच्या दाराची कडी अडकली की कशी उचलायची ते दाखवलं.

"हे सगळं मला का शिकवताय?"

"माहीत असावं."

"ती कडी मीच दुरुस्त करून घेतली होती, तुम्ही दौऱ्यावर असताना," काकू म्हणाल्या. पण नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी पुढची थट्टा गिळली आणि मुकाट्याने फ्यूज हातात घेतला.

तपासणीच्या दिवशी काटेसाहेबांनी दोघांनाही पट्टे बांधायला लावले. "मला कशाला?" काकू कुरकुरल्या. "दोन काटे शेजारी असले की एक दुसऱ्याची साक्ष देतो," काटेसाहेब म्हणाले. डॉक्टरांना दोन्ही आकडे दाखवायचे, बिघडलेला आणि धड, म्हणजे बोलायला जागा राहणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. रिक्षात त्यांनी काकूंचा हात धरला. बाहेर कधी धरत नसत. काकूंनी एकदा हाताकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे, आणि हात तसाच राहू दिला.

तपासणीची खोली लहान होती. मध्ये ट्रेडमिल, भिंतीला पडदा, कोपऱ्यात एक खुर्ची. काकू दाराबाहेरच्या बाकावर बसल्या. आत तपासणी करणाऱ्या बाई होत्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या आणि सकाळपासून दमलेल्या.

"काका, शर्ट काढा. आणि हा पट्टा कसला? तोही काढा, मला तिथे तारा लावायच्यात."

काटेसाहेबांनी पट्टा सोडून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि मोबाइल खुर्चीवर ठेवला. बाईंनी छातीवर थंडगार चिकट्या लावून तारा जोडल्या. आता पडद्यावर सगळं उघडं पडणार होतं. ट्रेडमिलवर चढायला त्यांनी पाय उचलला, तोच खुर्चीवरून आवाज आला.

"आपली हृदयगती मर्यादेबाहेर आहे. कृपया वेग कमी करा."

"काका, तो मोबाइल बंद करा हो," बाई म्हणाल्या.

काटेसाहेब मोबाइल उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. पट्टा खुर्चीच्या पाठीवर लोंबत होता. त्याच्यावरची काळी डबी हवेत होती. आणि मोबाइलवर आकडा पळत होता, एकशे एकतीस, एकशे चार, एकशे सत्तेचाळीस.

खुर्चीला कसलं काळीज?

रिकामा काटा शून्यावर हवा. नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकलेली गोष्ट. वजन ठेवायच्या आधी पारडं मोकळं करायचं आणि काटा कुठे उभा राहतो ते बघायचं. ही साधी तपासणी न करता त्यांनी कुठल्या किराणावाल्याला सोडलं नव्हतं. स्वतःच्या छातीवरच्या काट्याची मात्र त्यांनी ती एकदाही केली नव्हती. काटाच धड नव्हता, असं त्यांच्या मनाने घेतलं. यंत्र खोटं. सगळं खोटं. त्यांनी भिंतीवरच्या पडद्याकडे बघितलं. तिथे एक हिरवी रेघ शिस्तीत चालली होती आणि कोपऱ्यात एकाहत्तर लिहिलेलं होतं.

त्यांचा जीव भांड्यात पडला. ते ट्रेडमिलवर चढले आणि चालायला लागले. बाईंनी वेग वाढवला, चढ वाढवला, तरी ते चालतच राहिले. मध्ये एकदा खुर्चीवरच्या मोबाइलवर आकडा जाऊन 'संपर्क तुटला' आलं, तर ते मोठ्याने हसले.

"काका, हसू नका, रेघ हलते."

"हलू दे," काटेसाहेब म्हणाले. नोकरीत असते तर असं बोलणाऱ्याला त्यांनी नोटीस दिली असती.

तपासणी संपता संपता डॉक्टर आत आल्या. त्यांनी कागदाची लांब पट्टी हातातून सरकवली आणि मान डोलावली. "उत्तम. उगाच घाबरत होतात. आता जोरात चाला."

तेवढ्यात दार उघडलं आणि काकू पाण्याची बाटली घेऊन आत आल्या. "खाली पाणीच नव्हतं," त्या म्हणाल्या. बोलताना त्या मध्ये मध्ये थांबत होत्या. "वरच्या मजल्यावर मिळालं. लिफ्टपाशी रांग. मग... जिन्यानेच गेले."

खुर्चीवरचा मोबाइल टिंग वाजला. आडव्या रेघा गेल्या आणि आकडा आला. एकशे एकसष्ट. एकशे अठरा. एकशे अडुसष्ट.

काटेसाहेबांनी आकड्याकडे बघितलं, मग काकूंकडे, मग पुन्हा आकड्याकडे. काकू खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या. त्यांच्या ओठांभोवती घाम आला होता. काटेसाहेबांच्या काळजाचा ठोका चुकला, आणि तो खरोखर त्यांचाच होता.

"अगं, तुझा पट्टा सोड," ते म्हणाले.

"इथे?"

"सोड म्हणतो ना. आत्ता."

काकूंनी पाठ वळवली, पदराआडून हात घालून पट्टा सोडला आणि बाहेर ओढला. मोबाइलवरचा आकडा गेला. दोन आडव्या रेघा उरल्या.

काटेसाहेब ट्रेडमिलच्या कडेवर खाली बसले. सगळं एकदम परत आलं. मैदानाचा कठडा. पाय भरून आलेत माझे. यंत्राचा खडखडाट, आणि त्या यंत्राचं पायडल मारणारे पाय. कोपऱ्यावरचं दुकान, आणि जिन्यावरच्या चपला. पट्टे धुताना काकूंनी दोन्ही डब्या काढून खिडकीत ठेवल्या होत्या. पट्टा कुणाचा हे शिक्क्यावरून कळलं, पण डबी कुणाची हे कशावरून कळणार? शिक्का त्यांनी पट्ट्यावर मारला होता. मोजते ती डबी. वजनावर शिक्का मारायचा सोडून वजनाच्या पिशवीवर मारणारा दुकानदार त्यांना भेटला असता, तर त्यांनी त्याचं सगळ्या बाजारात हसं केलं असतं.

"डॉक्टर, हिला झोपवा," ते म्हणाले. "हिला बघा. मला काही झालेलं नाही."

"मला काय धाड भरलीय?" काकू म्हणाल्या. पण डॉक्टरांनी त्यांच्या मनगटाला हात लावला होता आणि डॉक्टरांचा चेहरा बदलला होता.

काकूंना पलंगावर निजवलं, त्याच तारा लावल्या. पडद्यावरची हिरवी रेघ आता शिस्तीत चालेना. दोन ठोके जवळजवळ, मग मोठी फट, मग तीन ठोके एकमेकांच्या अंगावर. डॉक्टरांनी काटेसाहेबांना बाजूला घेतलं आणि समजावलं. हृदयाचे वरचे कप्पे नीट आवळत नव्हते, नुसते थरथरत होते. अशाने आत रक्त साकळतं, गुठळी होते, आणि ती गुठळी मेंदूकडे गेली की... एवढं बोलून त्यांनी काकूंकडे बघितलं आणि आवाज आणखी खाली आणला. आज दाखल करायचं, औषध सुरू करायचं, उद्या सकाळी आतून बघायचं. गुठळी आहे की नाही ते उद्याच कळेल.

"हे कधीपासून चाललंय, काही कल्पना आहे?" त्यांनी विचारलं. "बऱ्याच जणांना स्वतःलाही कळत नाही."

"मला माहीत आहे," काटेसाहेब म्हणाले. "मी सगळं बघितलंय."

आणि त्यांनी सांगितलं. मैदानावर किती होता, यंत्रावर बसल्यावर किती, जिना चढल्यावर किती, यंत्र थांबवल्यावर किती. एकही आकडा ते विसरले नव्हते. डॉक्टर लिहून घेत होत्या आणि म्हणाल्या की एवढी बारीक माहिती कुणी देत नाही. काटेसाहेबांना ते शब्द ऐकवेनात. तिचा प्रत्येक ठोका त्यांनी पाहिला होता आणि प्रत्येक ठोक्याला ते स्वतःसाठी घाबरले होते.

संध्याकाळी काकूंना वरच्या मजल्यावरच्या खोलीत हलवलं. नर्सने दोन्ही पट्टे एका पिशवीत घालून काटेसाहेबांच्या हातात दिले. "आमचं यंत्र आहे आता, हे लागणार नाहीत." त्यांचं यंत्र पलंगाच्या डोक्याशी होतं, पण त्याचं तोंड दाराकडे होतं, नर्सला येता जाता दिसावं म्हणून. काटेसाहेब बसले होते तिथून आकडा दिसत नव्हता. लेकीला फोन झाला होता, ती निघाली होती, सकाळपर्यंत पोचणार होती. काकूंच्या हाताला सुई लावली होती. त्या डोळे मिटून पडल्या होत्या, पण झोपल्या नव्हत्या.

"एक सांगायचं आहे," काटेसाहेब म्हणाले. "सकाळी माझी रेघ चांगली निघाली तेव्हा मला फार आनंद झाला. तू तिकडे जिना चढत होतीस आणि मी इकडे हसत होतो."

"मग? हसायचंच की." काकूंनी डोळे उघडले नाहीत. "मला कळलं तेव्हा मीही हसले असते, पण त्या बाईने तारा लावल्या होत्या. तुमचं काळीज धड आहे म्हटल्यावर मी काय रडू?"

"मी तुला भरभर चाल म्हणालो."

"तुम्ही गेली पस्तीस वर्षं तेच म्हणताय. मी कधी ऐकलंय?"

काटेसाहेबांना हसू आलं. उद्या सकाळी काय निघेल ही भीती मात्र तशीच होती. आणि ही भीती त्यांचीच होती, यात शंका नव्हती. त्यांनी दाराकडे मान लांबवून यंत्र बघायचा प्रयत्न केला. दिसलं नाही. मग त्यांनी सुई नसलेला काकूंचा हात आपल्याकडे ओढला आणि मनगटावर बोटं ठेवली.

दोन ठोके जवळजवळ. मग फट. मग तीन. हा ठोका त्यांच्या ओळखीचा होता. गेले कित्येक दिवस ते याच्याबरोबर जेवले होते, याच्याबरोबर झोपले होते. आपलाच म्हणून घाबरून घाबरून त्यांनी तो सांभाळला होता. आता पहिल्यांदा तो बोटांना लागत होता, आणि बोटं मुळीच बधिर नव्हती.

"किती आहे आपली?" काकूंनी विचारलं.

काटेसाहेबांनी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं नाही.

"मोजत नाहीये."

"मग काय करताय?"

"धरलाय नुसता," ते म्हणाले, आणि हात न सोडता त्यांनी पायाने स्टूल पलंगाजवळ ओढून घेतलं.